रुजू होऊनही बाहेरच

सरकारी कार्यालयात वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याला नुसतं येऊन खुर्चीत बसता येत नाही. कामासाठी तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आधी द्यावं लागतं, मग रुजू अहवाल, मग हजेरीपटावर सही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत हे सगळं तपशिलानं लिहिलेलं आहे. वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा, तिची परिवर्तित रजा कशी करून घ्यायची, त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र चालेल, शंका आली तर दुसरं वैद्यकीय मत कसं मागवायचं, हे सगळं त्यात सापडतं. खासगी कंपनीत एचआरची मेल येते आणि बंद पडलेलं ओळखपत्र पुन्हा चालू होतं. कागद पूर्ण झाले की कार्यालयाच्या लेखी माणूस परत आला.

तो खरोखर परत आला की नाही, हे दुपारी डबे उघडतात तेव्हा कळतं.

कर्करोगावरचे उपचार पूर्ण करून सहा-सात महिन्यांनी हजर झालेल्या एखाद्या लिपिक बाईंचा पहिला आठवडा डोळ्यांसमोर आणा. सकाळी सगळे टेबलापाशी येऊन जातात. ‘छान दिसताय की’, ‘आता मात्र जपा हं’, ‘काही लागलं तर सांगा.’ पाच मिनिटांत गर्दी पांगते. बाईंचं टेबल खिडकीजवळ होतं ते आता दारापाशी आलंय, कारण मधल्या काळात नवे संगणक बसले. कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. सेवापुस्तकांच्या नोंदी त्या बघायच्या, ते काम आता एका तरुण सहकाऱ्याच्या लॉगिनला जोडलंय. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘राहू द्या ताई, तुम्हाला कशाला त्रास? तो करतोय की.’ जेवायला सगळे पूर्वी मागच्या खोलीत बसायचे, आता वरच्या मजल्यावर बसतात, हे कुणी सांगितलेलं नाही. बाईंना आजारपणात मेसेजांचा त्रास नको म्हणून व्हॉट्सॲपवर एक नवा ग्रुप झाला होता. त्या परतल्यावर त्यांना त्यात घ्यायचं राहून गेलं. शुक्रवारी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या आहेरासाठी वर्गणी निघते, ती त्यांच्याकडे कुणी मागत नाही. ‘औषधपाण्याला एवढा खर्च झालाय, त्यांच्याकडून काय घ्यायचे?’

या आठवड्यात एकही माणूस त्यांच्याशी वाईट वागलेला नाही. कुणी टोमणा मारला नाही, कुणी हेटाळणी केली नाही. म्हणूनच हे दुखणं सांगायची पंचाईत होते. तक्रार करायची ती कुणाची आणि कशाबद्दल? माझ्याकडून वर्गणी मागितली नाही, ही काय साहेबांकडे न्यायची गोष्ट आहे? घरी सांगितलं तर ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असं ऐकावं लागतं. आजारपणाने माणूस हळवा झालाय, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

हळवेपणाचा हा आरोप टिकणारा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं खेळत असलेली फ्रिस्बी त्यांच्या अंगाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली आणि काही फेऱ्यांनंतर एकदम थांबवलं. आयुष्यात पुन्हा न भेटणाऱ्या दोन माणसांनी खेळातून वगळलं याचं आपल्याला एवढं का लागावं, या प्रश्नातून त्यांचं पुढचं संशोधन उभं राहिलं. त्यांच्या प्रयोगात माणूस संगणकाच्या पडद्यावर दोन भिडूंबरोबर चेंडू फेकाफेकी करतो आणि थोड्या वेळाने त्याच्याकडे चेंडू येईनासा होतो. तेवढ्या काही मिनिटांत माणसाची आपलेपणाची भावना आणि स्वतःबद्दलचा विश्वास खाली येतो. समोर माणसं नसून संगणकच खेळतोय असं आधी सांगितलं, तरी लागायचं ते लागतंच. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या खेळादरम्यान घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. शारीरिक वेदनेशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग वगळलं जातानाही सक्रिय होतो, असं त्यांना दिसलं. त्याचा अर्थ नेमका काय लावायचा यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, पण वगळलं जाणं झोंबतं याबद्दल वाद नाही.

कार्यालयांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काम कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या सँड्रा रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. कामाच्या ठिकाणी एखाद्याला छळणं आणि एखाद्याकडे दुर्लक्ष करणं, यांत छळ जास्त वाईट असं बहुतेकांना वाटतं. दुर्लक्ष फारसं चुकीचं मानलं जात नाही. प्रत्यक्षात माणसाच्या मनःस्वास्थ्याशी आणि नोकरी सोडण्याशी दुर्लक्षाचं नातं अधिक घट्ट असल्याचं त्यांना आढळलं. छळाविरुद्ध आपल्याकडे समित्या आहेत, अर्जाचे नमुने आहेत. दुर्लक्षाविरुद्ध काहीच नाही.

मग लोक असं का वागतात? बरेचदा ते घाबरलेले असतात. काय बोलावं हे सुचत नाही. केमोबद्दल विचारावं तर जखमेवर बोट ठेवल्यासारखं होईल, न विचारावं तर माणुसकी नाही असं वाटेल. त्यातून सोपी वाट म्हणजे समोरच न जाणं. आजारी माणसाला आपल्या घरांत जसं वागवलं जातं, तेच कार्यालयातही होतं. त्याला बसवून ठेवायचं, कशाला हात लावू द्यायचा नाही, वाईट बातमी त्याच्या कानावर घालायची नाही. घरात दोन-तीन आठवडे हे प्रेम गोड वाटतं. पण ज्या माणसाने कित्येक महिने ‘रुग्ण’ म्हणून काढले, तो कार्यालयात येतो तेच मुळी त्यातून बाहेर पडण्यासाठी. तिथे त्याला पुन्हा कॉटवर बसवलं, तर तो जाणार कुठे? त्याला न विचारता त्याचं काम काढून घेणं हा यातला सर्वांत मोठा अन्याय आहे आणि तो नेहमी दयेच्या सुरात होतो.

अर्थात सहकाऱ्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. पोलीस ठाण्यातला एक जण ‘सिक’मध्ये गेला की त्याचा बंदोबस्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. सरकारी रुग्णालयात एक परिचारिका रजेवर गेली की दुसरीचा ऑफ रद्द होतो. शाळेत एक शिक्षक आजारी पडला की त्याचे तास उरलेल्यांत वाटले जातात आणि बोर्डाचे पेपर तपासायचे ते तपासावेच लागतात. बदली माणूस मिळत नाही, कारण पदं मुळातच रिकामी असतात. सहा महिने दोन माणसांचं काम एकट्याने ओढलेल्या सहकाऱ्याला कुणी जादा पैसे देत नाही, त्याचे आभारही मानत नाही. खरं तर त्याने चिडायला हवं ते माणसं न भरणाऱ्या आस्थापनेवर. पण आस्थापना काही जेवायला शेजारी बसत नाही. शेजारी बसतो तो रजेवरून आलेला आणि सगळा राग त्याच्या वाट्याला येतो.

त्यात संशयाची भर पडते. ‘मेडिकल टाकून बसला होता’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यालयात ऐकू येतं. बदली टाळायला, निवडणुकीच्या कामातून सुटायला, घरच्या लग्नाला मेडिकल टाकणारे आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या खोट्याची किंमत खरोखरच आजारी असलेला मोजतो. हाताला प्लास्टर असेल तर निदान दिसतं तरी. नैराश्य, मणक्याचा आजार, संधिवात, किडनीचा विकार यांतलं काहीच वरून दिसत नाही. बायपासनंतर दोन-तीन महिन्यांनी माणूस कामावर आला की त्याचा रंग आणि चाल पाहून लोक त्याला ‘ठणठणीत’ ठरवतात. चारच्या सुमाराला त्याला गळून जातं ते कुणाच्या लक्षात येत नाही. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा महिनोन्‌महिने टिकतो, आणि स्तनाच्या काही कर्करोगांत गोळ्या पाच-दहा वर्षं घ्याव्या लागतात. संशय घ्यायचाच असेल, तर नियमांनी त्यासाठी वैद्यकीय मंडळाची सोय केलेली आहे. चहाच्या टपरीवर त्याचा निवाडा करायचा अधिकार कुणाला नाही.

आणि संसर्गाची भीती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणजे क्षयाचे उपचार घेऊन कामावर परतणारी माणसं आपल्या आजूबाजूला कायम असणार. योग्य औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांकडून काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका उरत नाही. क्षय पेल्यातून, ताटातून, हात मिळवण्यातून पसरत नाही. तरीही परतलेल्या माणसाचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो, आणि ठेवणारा तो गुपचूप ठेवतो म्हणून जास्त लागतं.

या भीतीविरुद्धची एक महत्त्वाची लढाई मुंबईत लढली गेली. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाला एचआयव्हीची लागण झाल्याचं तपासणीत दिसलं आणि त्याला यादीतून काढून टाकण्यात आलं. तो काम करू शकत होता, करतही होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ओळख उघड झाली तर जगणं मुश्कील होईल म्हणून त्याला नाव न सांगता लढण्याची मुभा मिळाली आणि खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ याच नावाने ओळखला जातो. १९९७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की माणूस ते काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यामुळे इतरांना धोका नसेल, तर केवळ लागण आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही. तसं करणं राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांच्या विरोधात जातं. पुढे २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही-एड्स प्रतिबंधक कायदा केला आणि नोकरीतल्या भेदभावावर स्पष्ट बंदी आली. निकालातला विचार साधा आणि सर्व आजारांना लागू पडणारा आहे. याला काय झालंय, हे विचारू नका. याला काय करता येतं, ते विचारा.

आपल्या कार्यालयांत नेमकं उलट चालतं. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘अमुक आजाराने ग्रस्त’ अशी मोकळी जागा असते. तो कागद आवक-जावकला नोंदवला जातो, आस्थापनेच्या टेबलावर येतो, तिथून साहेबांच्या सहीला जातो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आजाराचं नाव शिपायापासून सगळ्यांना कळलेलं असतं. मानसोपचार तज्ज्ञाच्या लेटरहेडवरचा कागद असेल तर मग बोलायलाच नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला. पण फायलीला दोरा बांधणाऱ्यांना तो कुणी शिकवलेला नाही. नैराश्यातून परतलेल्या माणसाला कुणी ‘तब्येत कशी आहे’ एवढंही विचारत नाही. सगळे जपून बोलतात आणि महत्त्वाची फाईल मात्र त्याच्याकडे येत नाही.

आपल्या कायद्यांनी रजेचा आणि पैशांचा विचार केला आहे, हे मान्यच करायला हवं. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतनाइतका आजारपणाचा लाभ मिळतो. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत तो दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने मिळू शकतो. हा लाभ घेत असताना कामगाराला कामावरून काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, हे १९४८च्या मूळ कायद्यानेच बजावलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. हे सगळं मोलाचं आहे, पण यांतली एकही तरतूद रुजू होण्याच्या दिवसाबद्दल बोलत नाही. कोणतं काम परत द्यायचं, किती, कोणत्या क्रमाने, मधल्या काळात बदललेलं कोण समजावून सांगणार, हे सगळं माणसांच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

इतर काही देशांनी ते मर्जीवर सोडलं नाही. जर्मनीत २००४ पासून नियम आहे की १२ महिन्यांत एकूण सहा आठवड्यांहून जास्त काळ आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याशी मालकाने बसून बोललं पाहिजे, त्याच्या संमतीने आणि कामगार प्रतिनिधीला बरोबर घेऊन. शिवाय तिथे टप्प्याटप्प्याने परतण्याची पद्धत आहे. आधी रोज दोन-चार तास, मग हळूहळू पूर्ण दिवस, आणि तोवर विम्याकडून आजारपणाचे पैसे मिळणं चालू राहतं. नेदरलँड्समध्ये मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के वेतन द्यावं लागतं, आणि २००२च्या कायद्याने कामावर परतण्याचा लेखी आराखडा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच करणं बंधनकारक केलं. तिथे मालकाला आजार कोणता हे विचारता येत नाही. कंपनीचे डॉक्टर फक्त हा माणूस काय करू शकेल आणि काय नाही तेवढंच सांगतात. ब्रिटनने २०१० मध्ये ‘हा आजारी आहे’ असं सांगणारी जुनी चिठ्ठी बदलली. नव्या चिठ्ठीत डॉक्टरांना लिहिता येतं की माणूस काम करू शकेल, पण वेळ कमी करा, कामाचं स्वरूप बदला किंवा बसण्याची सोय वेगळी करा.

हे देश श्रीमंत आहेत, त्यांचं आपल्याला कसं परवडेल, असं लगेच म्हटलं जाईल. दोन वर्षांचं वेतन परवडणार नाही, कबूल. पण प्रमाणपत्रात आजाराच्या नावाऐवजी काय झेपेल आणि काय झेपणार नाही ते लिहायला पैसे लागत नाहीत. आजाराचं नाव असलेला कागद बंद लिफाफ्यात ठेवायला काही खर्च नाही. रुजू होण्याच्या आधी अर्धा तास बसून कामाची वाटणी ठरवायलाही नाही. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने एक शासन निर्णय काढावा. महिन्याहून अधिक वैद्यकीय रजेवरून परतणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर कार्यालय प्रमुखाने पहिल्याच दिवशी चर्चा करावी, त्याच्या कामाची लेखी फेरमांडणी त्याला विचारून करावी आणि रजेच्या काळात ज्यांनी त्याचं काम ओढलं त्यांची सेवापुस्तकात नोंद घ्यावी. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व कमी लेखू नये. ज्याच्या कष्टांची दखल घेतली गेली, त्याला परतलेल्या सहकाऱ्याशी हिशेब चुकता करावासा वाटत नाही. शासन निर्णय निघाला की जिल्हा परिषदा, महापालिका, अनुदानित शाळा यांनाही तो लागू करता येईल. सहकारी बँका आणि साखर कारखाने आपापल्या संचालक मंडळात तसाच ठराव करू शकतात. खासगी कंपन्यांना तर कुणाची वाट पाहायचीही गरज नाही.

कामगार संघटनांनाही इथे पुष्कळ करता येईल. महागाई भत्ता आणि वेतन आयोगासाठी मोर्चा निघतो, निघायलाच हवा. पण आजारातून उठून आलेल्या आपल्या सभासदाला कामाची जागा परत मिळाली का, हे संघटनेचा एक तरी पदाधिकारी पाहतो का? मुंबईत १९५१ पासून काम करणाऱ्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ या गटात कर्करोगातून बाहेर पडलेली माणसं नव्या रुग्णांना आधार देतात. तसा एक जाणता माणूस प्रत्येक मोठ्या कार्यालयात सहज सापडेल. दहा वर्षांपूर्वी स्वतः असा परतलेला कुणीतरी तिथे असतोच. त्याला फक्त विचारायला हवं.

ज्यांना रुजू अहवाल नावाची चीजच नाही, त्यांचं काय? घरकाम करणारी बाई टायफॉइडने महिनाभर पडली की तिच्या जागी आलेली बदली बाई बहुतेकदा कायम होते. कंत्राटी सफाई कामगाराचं नाव ठेकेदाराच्या यादीतून निघून जातं. डिलिव्हरीच्या ॲपवर आजारपणाची रजा नसते, फक्त बंद पडलेली कमाई असते. त्यांच्या बाबतीत आधी परत येण्याचा हक्कच मिळवावा लागेल, आणि त्यासाठी राज्यकर्त्यांना धारेवर धरावं लागेल.

तोवर ज्यांच्या हातात शासन निर्णय नाही पण सहकारी आहे, त्यांनी एवढं करावं. तुमच्या कार्यालयात येत्या सोमवारी कुणी दीर्घ आजारातून परतत असेल, तर रविवारी त्याला फोन करा. जेवायला कुठे बसतो, नवे साहेब कसे आहेत, कोणाची बदली झाली, कोणती पद्धत बदलली, ते सगळं सांगा. ग्रुपमध्ये त्याचं नाव घाला. आहेराची वर्गणी त्याच्याकडूनही मागा. तब्येतीची चौकशी एकदा करा, आणि मग त्याच्या टेबलावरचं कोणतं काम त्याला परत हवं आहे ते त्यालाच विचारा.